सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज सन्मान : मुत्सद्द्यांचे राजचिन्ह आणि संग्राहकांची कसोटी

ब्रिटनच्या राजसन्मानांमध्ये 'ऑर्डर ऑफ सेंट मायकेल अँड सेंट जॉर्ज' हा सन्मान प्रामुख्याने राजनैतिक सेवेतील अधिकाऱ्यांचा सन्मान म्हणून ओळखला जातो. परदेशात किंवा परराष्ट्र व्यवहारांच्या संदर्भात बजावलेल्या विशेष कामगिरीबद्दल राजदूत, उच्चायुक्त, गव्हर्नर आणि वरिष्ठ परराष्ट्र अधिकारी यांना तो दिला जातो. दोनशे वर्षांहून अधिक इतिहास असलेल्या या सन्मानाची चिन्हे आज जगभरातील संग्राहकांच्या दृष्टीने मोलाची वस्तू ठरली आहेत. सन्मानप्राप्त व्यक्तीच्या निधनानंतर ही चिन्हे पुष्कळदा वारसांकडून लिलावगृहात आणि तेथून अपरिचितांच्या संग्रहात जातात. मात्र त्यांवर सन्मानार्थीचे नाव कोरलेले नसते. त्यामुळे हाती आलेले पदक नेमके कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हीच या क्षेत्रातील खरी कसोटी मानली जाते.

'ऑर्डर' म्हणजे काय?

मराठीत 'पदक', 'पुरस्कार' आणि 'किताब' हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. युरोपातील राजघराण्यांच्या परंपरेत मात्र 'ऑर्डर' या शब्दाला वेगळा अर्थ आहे. मध्ययुगात धर्मयुद्धांत भाग घेणाऱ्या सरदारांचे संघ असत. त्यांचे नियम, गणवेश, आश्रयदाते संत आणि प्रार्थनास्थळ ठरलेले असे. पुढे राजांनी त्याच धर्तीवर स्वतःचे संघ स्थापन केले. म्हणून ऑर्डर मिळणे याचा मूळ अर्थ त्या संघाचे सदस्य होणे असा आहे. छातीवर किंवा गळ्यात धारण केले जाणारे पदक ही त्या सदस्यत्वाची खूण होय. युद्धपदकाप्रमाणे ते केवळ एखाद्या प्रसंगाची आठवण नसते.

ब्रिटनमध्ये आजही नव्या नियुक्त्या होत असलेल्या अशा संघांत गार्टर, थिसल आणि बाथ यांच्यानंतर सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज या सन्मानाचा क्रम लागतो.

सात बेटांतून उगम

या सन्मानाची स्थापना २८ एप्रिल १८१८ रोजी झाली. राजे तिसरे जॉर्ज आजारी असल्याने राज्यकारभार पाहणारे युवराज, म्हणजेच पुढे राजे झालेले चौथे जॉर्ज, यांनी तो सुरू केला. त्यामागे तत्कालीन भूमध्य सागरी राजकारण होते. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१४ मध्ये माल्टा ब्रिटनकडे आले आणि १८१५ मध्ये ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगतची आयोनियन बेटे ब्रिटिश संरक्षणाखाली आली. या दोन्ही ठिकाणच्या प्रतिष्ठित नागरिकांना आणि तेथे काम करणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना गौरविण्यासाठी हा सन्मान होता. माल्टाचे गव्हर्नर आणि आयोनियन बेटांचे उच्चायुक्त सर थॉमस मेटलंड हे त्याचे पहिले 'ग्रँड मास्टर' झाले.

कॉर्फू येथे १८१९ ते १८२४ या काळात बांधलेल्या राजवाड्यालाही याच दोन संतांचे नाव देण्यात आले. त्या वास्तूत आता आशियाई कलेचे संग्रहालय आहे. सन्मानाच्या सोन्याच्या कंठ्यावर दिसणाऱ्या पंख असलेल्या सिंहाच्या पंजात ग्रंथ आणि सात बाण आहेत. कॉर्फू, पॅक्सोस, लेफ्काडा, इथाका, केफालोनिया, झाकिंथोस आणि किथिरा या सात बेटांचे ते प्रतीक होय.

आयोनियन बेटे १८६४ मध्ये ग्रीसला देण्यात आली. ज्या भूभागासाठी सन्मान निर्माण झाला तोच हातातून गेल्याने तो बंद पडेल, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु १८६८ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून वसाहतींमध्ये सेवा करणाऱ्यांचा त्यात समावेश करण्यात आला. १८७९ मध्ये परराष्ट्र सेवेचाही अंतर्भाव झाला. तेव्हापासून त्याचा आणि राजनैतिक सेवेचा संबंध कायम झाला. स्त्रियांना या सन्मानाचे दार मात्र १९६५ मध्ये खुले झाले.

तीन श्रेणी

या सन्मानाच्या तीन श्रेणी आहेत. सर्वोच्च श्रेणी 'नाइट' अथवा 'डेम ग्रँड क्रॉस' म्हणजे जीसीएमजी. दुसरी 'नाइट' अथवा 'डेम कमांडर'. तिची आद्याक्षरे पुरुषांसाठी केसीएमजी आणि स्त्रियांसाठी डीसीएमजी अशी आहेत. तिसरी 'कम्पॅनियन' म्हणजे सीएमजी. पहिल्या दोन श्रेणींतील सदस्यांना नावापूर्वी 'सर' किंवा 'डेम' लावता येते. कम्पॅनियन श्रेणीत ती मुभा नाही. नियमांनुसार तीन श्रेणींतील सदस्यसंख्येची कमाल मर्यादा अनुक्रमे १२५, ३७५ आणि १,७५० अशी आहे. परकीय नागरिकांना दिलेले मानद सन्मान या संख्येत धरले जात नाहीत.

नावे साधारणतः वर्षातून दोनदा, नववर्षदिनी आणि राजाच्या अधिकृत वाढदिवशी, जाहीर होतात आणि 'लंडन गॅझेट' या राजपत्रात प्रसिद्ध केली जातात. सन्मानाचे प्रार्थनास्थळ लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये असून ते १९०६ मध्ये समर्पित करण्यात आले. ड्यूक ऑफ केंट यांची १९६७ मध्ये ग्रँड मास्टर म्हणून नियुक्ती झाली.

या आद्याक्षरांवरून ब्रिटिश नोकरशाहीत एक विनोद रूढ आहे. सीएमजी म्हणजे 'मला देव म्हणा', केसीएमजी म्हणजे 'कृपया मला देव म्हणा' आणि जीसीएमजी म्हणजे 'प्रत्यक्ष देवच मला देव म्हणतो'. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवर आधारलेला हा विनोद 'येस मिनिस्टर' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे १९८१ मध्ये घरोघरी पोहोचला. याच मालिकेचे 'जी मंत्रीजी' हे हिंदी रूपांतर भारतीय प्रेक्षकांनी २००१ मध्ये पाहिले. इयान फ्लेमिंग यांनी आपला काल्पनिक गुप्तहेर जेम्स बाँड यालाही सीएमजी बहाल केले होते. पुढे १९६५ च्या कादंबरीत हाच नायक 'सर' ही उपाधी नाकारतो.

चिन्हांची रचना

सन्मानाचे मुख्य पदक सात बाहूंचे असून त्यावर पांढरे मिनाकाम असते. प्रत्येक बाहूला दोन टोके असल्याने ते चौदा टोकांचे दिसते. दर्शनी बाजूस सैतानाला पायाखाली तुडवणारे देवदूत सेंट मायकेल, तर मागील बाजूस घोड्यावर बसून ड्रॅगनचा वध करणारे सेंट जॉर्ज दाखवलेले असतात. भोवतालच्या निळ्या वर्तुळात लॅटिन ब्रीदवाक्य असते. 'अधिक चांगल्या युगाची चाहूल' असा त्याचा भावार्थ आहे. पदकाच्या माथ्यावर राजमुकुट असतो. फितीवर निळा, लाल आणि पुन्हा निळा असे समान रुंदीचे तीन पट्टे असतात.

सर्वोच्च श्रेणीचे मानकरी उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत जाणाऱ्या रुंद पट्ट्यावर हे पदक धारण करतात. त्यांच्या छातीवर सात किरणांची चांदीची तारका असून दोन किरणांच्या मधोमध सोनेरी किरण असतो. दुसऱ्या श्रेणीचे पदक गळ्यात घालतात आणि त्यासोबत आठ टोकांची चांदीची तारका असते. तिसऱ्या श्रेणीत फक्त गळ्यातील पदक असते, तारका नसते. स्त्रिया दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीचे पदक डाव्या खांद्याजवळ फितीच्या गाठीवर लावतात.

काळ ओळखण्याच्या खुणा

पदकाचा काळ ठरविण्यासाठी संग्राहक काही ठळक खुणा पाहतात. पहिली खूण धातूची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही पदके सोन्याची घडवली जात. सुमारे १८८७ नंतर चांदीवर सोन्याचा मुलामा देण्याची पद्धत आली. दुसरी खूण धारण करण्याच्या रीतीची. कम्पॅनियन श्रेणीचे पदक १९१७ पर्यंत छातीवर लावले जाई आणि त्याच्या आखूड फितीला सोनेरी बकल असे. त्या वर्षापासून ते गळ्यात घालण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे छातीवर लावण्याजोगी जोडणी असलेले पदक १९१७ पूर्वीचे असावे, असा प्राथमिक निष्कर्ष काढता येतो. मात्र जुन्या पदकांची जोडणी नंतर बदलून घेतल्याचीही उदाहरणे आढळतात. म्हणून केवळ या एका खुणेवर विसंबून चालत नाही.

तिसरी खूण डबीची. मखमली अस्तर असलेल्या मूळ डबीवर पदक घडवणाऱ्या पेढीचे नाव असते. गॅरार्ड ही पेढी १८४३ पासून २००७ पर्यंत ब्रिटिश राजघराण्याची अधिकृत जवाहीर होती आणि अनेक डब्यांवर तिचे नाव दिसते. मात्र एका पदकाची डबी दुसऱ्याला जोडणे कठीण नसते. पदक डबीतील खाचेत नेमके बसते की नाही, हे म्हणूनच तपासले जाते.

चौथी बाब अवस्थेची. काचेसारखे ठिसूळ असलेले मिनाकाम पडल्यास किंवा आपटल्यास बाहूंच्या टोकांपाशी प्रथम उडते. त्या जागी रंगीत राळ भरून केलेली दुरुस्ती भिंगाखाली ओळखता येते, कारण तिची चकाकी आणि पोत मूळ मिनाकामाशी जुळत नाही. पदक चकचकीत करण्यासाठी पावडर किंवा रसायने वापरल्यास सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो. हे नुकसान पुन्हा भरून येत नाही.

नाव नसलेले पदक

ब्रिटिश युद्धपदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचे नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. ऑर्डरच्या चिन्हांवर तसे काही नसते. पदक एकटेच हाती आले तर ते कोणा राजदूताचे की लष्करी अधिकाऱ्याचे, हेही सांगता येत नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. बोअर युद्धात आणि पहिल्या महायुद्धात मोठ्या संख्येने सेनाधिकाऱ्यांना सीएमजी देण्यात आले होते. त्यामुळे हा 'मुत्सद्द्यांचा सन्मान' असला तरी त्या काळातील प्रत्येक पदक मुत्सद्द्याचेच असेल असे नाही.

पदकाचा मानकरी निश्चित करण्यासाठी पूरक पुरावा लागतो. त्यात राजाच्या स्वाक्षरीची आणि संघाच्या मोहोरेची नियुक्तीची सनद सर्वात विश्वसनीय मानली जाते. त्याखालोखाल सन्मानाची सूचना देणारे पत्र, समारंभाचे छायाचित्र, त्याच व्यक्तीची नाव कोरलेली अन्य पदके आणि कुटुंबाकडून थेट झालेल्या हस्तांतराची नोंद यांचा क्रम लागतो. व्यक्तीला सन्मान मिळाला होता की नाही, हे 'लंडन गॅझेट'च्या जुन्या अंकांतून पडताळता येते. परंतु राजपत्रातील नोंद व्यक्तीचा सन्मान सिद्ध करते. समोर असलेले पदक त्याच व्यक्तीचे आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. विक्रीच्या जाहिरातींत या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते आणि खरेदीदाराची फसगत बहुधा याच ठिकाणी होते.

आणखी एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. याच संघात वरच्या श्रेणीत बढती मिळाल्यास खालच्या श्रेणीची चिन्हे परत करावी लागतात. म्हणून पुढे केसीएमजी झालेल्या राजदूताचे मूळ सीएमजी पदक त्याच्या कुटुंबाकडे असल्याचा दावा झाल्यास अधिक चौकशी आवश्यक ठरते. सर्वोच्च श्रेणीचा कंठा मानकऱ्याच्या निधनानंतर परत करायचा असतो. पदक आणि तारका मात्र वारसांकडे राहू शकतात. बाजारात येतात ती हीच चिन्हे.

रॉजर केसमेंट : दिलेला, नाकारलेला आणि काढून घेतलेला सन्मान

राजसन्मान नेमका कोणाचा असतो, हा प्रश्न एका मुत्सद्द्याच्या आयुष्यात अत्यंत तीव्रतेने उभा राहिला. डब्लिनजवळ १८६४ मध्ये जन्मलेले रॉजर केसमेंट हे ब्रिटनचे वाणिज्यदूत होते. बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांच्या खासगी अमलाखालील काँगोमध्ये रबर गोळा करण्यासाठी स्थानिक जनतेवर होणाऱ्या अत्याचारांची त्यांनी १९०३ मध्ये प्रत्यक्ष फिरून चौकशी केली. त्यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोपात खळबळ उडाली. १९०८ मध्ये काँगोचा ताबा राजाकडून बेल्जियमच्या सरकारकडे गेला, त्यामागे या अहवालाचा मोठा वाटा होता.

या कामगिरीबद्दल केसमेंट यांना १९०५ मध्ये सीएमजी देण्यात आले. आयरिश राष्ट्रवादाकडे झुकलेल्या केसमेंट यांना त्याचा फारसा आनंद झाला नाही आणि सन्मान प्रदान करण्याच्या समारंभाला जाण्याचे त्यांनी टाळले. दक्षिण अमेरिकेतील पुतुमायो खोऱ्यात रबर कंपनीने आदिवासींवर केलेल्या अत्याचारांची चौकशी त्यांनी १९१० मध्ये केली. त्यानंतर १९११ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

सेवेतून १९१३ मध्ये निवृत्त झाल्यावर केसमेंट आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी उघडपणे कार्य करू लागले. महायुद्ध सुरू झाल्यावर ते जर्मनीत गेले. बर्लिनहून १ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज सन्मानाचे चिन्ह आणि इतर सर्व मानसन्मान आपण परत करत असल्याचे कळवले. एप्रिल १९१६ मध्ये जर्मन पाणबुडीतून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरताच त्यांना अटक झाली. जूनमध्ये राजद्रोहाच्या खटल्यात ते दोषी ठरले. त्यानंतरच त्यांचा किताब आणि सीएमजी औपचारिकरीत्या रद्द करण्यात आले. दयेसाठी झालेल्या विनंत्या फेटाळल्या गेल्या. या विनंत्या करणाऱ्यांत लेखक आर्थर कॉनन डॉईल हेही होते. ३ ऑगस्ट १९१६ रोजी लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात केसमेंट यांना फाशी देण्यात आली. त्यांचे अवशेष १९६५ मध्ये आयर्लंडला पाठवण्यात आले.

केसमेंट यांनी सन्मान आधीच परत केला होता, तरी राजसत्तेच्या लेखी तो १९१६ पर्यंत त्यांचाच होता. सन्मान देण्याचा अधिकार जिच्याकडे आहे, तो काढून घेण्याचा अधिकारही तिच्याकडेच राहतो, ही भूमिका त्यातून स्पष्ट झाली. मात्र ज्या अहवालासाठी सीएमजी मिळाले होते, त्या अहवालाचे महत्त्व सन्मान रद्द झाल्याने कमी झाले नाही.

भारताचा संदर्भ

सन्मान परत करण्याची परंपरा भारतालाही अपरिचित नाही. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर रवींद्रनाथ टागोर यांनी मे १९१९ च्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहून 'सर' या किताबातून मुक्त करण्याची मागणी केली. महात्मा गांधी यांनी १९२० मध्ये कैसर-ए-हिंद पदक परत केले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. सैनिकी आणि विद्याविषयक मान यांस अपवाद आहे. भारतीय नागरिकाने परकीय राष्ट्राकडून किताब स्वीकारू नये, असेही हा अनुच्छेद सांगतो. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नसून ते नावाच्या आधी किंवा नंतर लावता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये दिला. भारतीय नागरिकांना मिळणारे ब्रिटिश सन्मान मानद स्वरूपाचे असतात आणि त्यामुळे 'सर' ही उपाधी लागत नाही.

भारताशी संबंधित काही मुत्सद्दी या सन्मानाचे मानकरी होते. १९६० ते १९६५ या काळात दिल्लीत ब्रिटनचे उच्चायुक्त असलेले पॉल गोर-बूथ हे जीसीएमजी होते. राजनैतिक शिष्टाचारावरील सर अर्नेस्ट सॅटो यांच्या प्रमाणभूत ग्रंथाची १९७९ ची आवृत्ती त्यांनी संपादित केली. सॅटो हेही जीसीएमजी होते. गयानातील भारतीय वंशाचे सर श्रीदत्त रामफळ १९७५ ते १९९० या काळात राष्ट्रकुलाचे महासचिव होते. त्यांनाही हा सर्वोच्च सन्मान मिळाला होता. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम हेही जीसीएमजी होते.

भारतात अशी चिन्हे बाळगणाऱ्यांनी १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची वस्तू या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

पदकावरील चित्राचा वाद

अमेरिकेत मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मान दाबली जाऊन मृत्यू झाला. त्यानंतर या सन्मानाच्या चित्राकडे नव्याने लक्ष वेधले गेले. जुन्या घडणीत गोऱ्या देवदूताच्या पायाखालील सैतान गडद वर्णाचा दिसतो. चित्र बदलण्याची मागणी करणारी मोहीम ब्रिटनमध्ये सुरू झाली. जमैकाचे गव्हर्नर जनरल सर पॅट्रिक ॲलन यांनी जून २०२० मध्ये हे चिन्ह धारण करणे स्थगित केले. घडणीत २०११ मध्येच बदल करण्यात आला असून त्यानंतरच्या चिन्हांवर दोन्ही आकृतींचा वर्ण सारखाच असतो, असे स्पष्टीकरण ब्रिटनमधून देण्यात आले. मात्र आधी दिलेली असंख्य चिन्हे मानकऱ्यांकडे आणि संग्रहांत आहेत.

या वादानंतर संग्राहकांसाठी २०११ हे वर्षही कालनिश्चितीची खूण ठरले आहे. धातू, जोडणी, डबी आणि मिनाकाम यांवरून पदकाचे वय सांगता येते. परंतु ते कोणी, कोणत्या सेवेसाठी धारण केले, हे सनद, पत्रे आणि कुटुंबातील नोंदीच सांगू शकतात. म्हणूनच घरातील जुने राजचिन्ह विकण्यापूर्वी किंवा वारसांत वाटण्यापूर्वी त्यासोबतची कागदपत्रे वेगळी होऊ देऊ नयेत. एकदा ती हरवली की पदकाची सोन्याचांदीची किंमत राहते, पण मानकऱ्याचे नाव त्यापासून कायमचे तुटते.